ड्राफ्ट न झालेला अमेरिकन बास्केटबॉल खेळाडू परदेशी क्लबशी करार करताना नेमकं काय बघतो?

कोपऱ्यातला थ्री (प्रश्न)

युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात वरच्या स्पर्धेतल्या, म्हणजे युरोलीगच्या, कुठल्याही संघाची यादी उघडा, चार-पाच अमेरिकन नावं असतातच. त्यातल्या बऱ्याच जणांची कारकीर्द बघितली तर दर वर्षी नवा देश: पोलंड, इस्रायल, इटली, कोरिया, परत इटली. अमेरिकेतल्या एनबीएत जागा मोजक्या, हे कळतं. ३० संघ, प्रत्येकाचे १५ नियमित करार आणि ३ टू-वे (एनबीए आणि तिच्या खालची जी लीग यांत ये-जा करणाऱ्यांचे), आणि ड्राफ्टच्या, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्याच्या, दोन फेऱ्या मिळून साठेक नावं. बाकीच्यांना बाहेरची वाट धरावी लागते. पण तिथला व्यवहार कसा चालतो, यावर मराठीत फारसं वाचायला मिळत नाही.

एक उदाहरण धरू. २३ वर्षांचा गार्ड (चेंडू खेळवणारा, बुटका खेळाडू), मधल्या दर्जाच्या कॉन्फरन्समध्ये (कॉलेज संघांच्या गटात) चार वर्षं कॉलेज, ड्राफ्ट झाला नाही, समर लीग (एनबीए संघांची उन्हाळ्यातली चाचणी स्पर्धा) खेळून झाली. समोर दोन प्रस्ताव आहेत. एक एनबीए संघाचा 'एक्झिबिट १०', म्हणजे ट्रेनिंग कॅम्प आणि तिथून बहुधा जी लीग. दुसरा युरोपातल्या मधल्या फळीतल्या क्लबचा, दहा महिन्यांचे ६० हजार डॉलर 'नेट'. त्याने काय बघून ठरवावं? 'नेट' म्हणजे नक्की कशाच्या नेट? क्लबने पैसे थकवले तर दाद कुठे मागायची? आणि इतके खेळाडू जानेवारीतच क्लब बदलताना का दिसतात?

---

बेसलाइन

आधी आकडे, कारण 'परदेशात जास्त पैसे' हे गृहीतक पहिल्या वर्षी चुकू शकतं.

२०२३-२४ मध्ये जी लीगचा मूळ पगार हंगामाला ४०,५०० डॉलर होता. राहण्याची सोय आणि आरोग्य विमा त्याखेरीज. एक्झिबिट १० मध्ये बोनस असतो: एनबीए संघाने कॅम्पनंतर सोडलं आणि खेळाडू त्याच संघाच्या जी लीग क्लबकडे ६० दिवस टिकला, तर ती रक्कम मिळते. त्या वर्षी ती किमान ५ हजार, कमाल ७५ हजार होती. म्हणजे कमाल बोनसवाला नोव्हेंबर ते मार्च एवढ्यात लाखाच्या वर जातो, आणि ५ हजारवाला जेमतेम ४५ हजारांवर थांबतो. त्यामुळे 'एक्झिबिट १० आलाय' एवढ्यावर काहीच ठरत नाही, बोनसचा आकडा विचारायचा. हा बोनस दुसऱ्या वर्षी आपोआप मिळत नाही. जी लीगचा खेळाडू मध्येच कमीही केला जाऊ शकतो.

युरोपातल्या ६० हजार नेटचा अर्थ असा, की त्या देशातला आयकर क्लब भरतो आणि खेळाडूच्या खात्यात पूर्ण ६० हजार जमा होतात. शिवाय सामान असलेलं घर, गाडी किंवा तिचा वाटा, आणि एक किंवा दोन परतीची विमान तिकिटं. वीज-गॅस-इंटरनेट कोणाकडे, हे करारात लिहून घ्यायचं. थंड देशात गॅसचं बिल किरकोळ नसतं. गाडी मॅन्युअल असेल तर बऱ्याच अमेरिकन मुलांना ती चालवता येत नाही, म्हणून 'ऑटोमॅटिक' हा शब्दसुद्धा करारात घालतात. हसू येईल, पण घालतात.

एजंटची फी साधारण कराराच्या १० टक्के, आणि रूढ पद्धतीत ती क्लब वेगळी देतो, खेळाडूच्या पगारातून जात नाही. अमेरिकेतला एजंट आणि युरोपातला स्थानिक एजंट असे दोघे असतील तर तेच १० टक्के वाटून घेतात. एनबीएत उलट आहे. तिथे फी खेळाडूच्या खिशातून जाते आणि कमाल ४ टक्के. एजंटकडे फिबाचा (जागतिक बास्केटबॉल महासंघाचा) परवाना आहे का, हे फिबाच्या यादीत नाव शोधून बघायचं. परवाना नसलेला माणूस 'मी क्लब मिळवून देतो' म्हणत आगाऊ पैसे मागत असेल तर तिथेच थांबावं. परवाना असलेला एजंट करार होण्याआधी खेळाडूकडून पैसे घेत नाही.

---

राखीव यादी

वर पैशांचं आलं. पण ६० हजार करारात दिसणं आणि मिळणं यात पहिली पायरी वैद्यकीय तपासणीची आहे. करार सही झाल्यावर लगेच पक्का होत नाही, तपासणी पार पडल्यावर होतो. म्हणून दोन गोष्टी लिहून घ्यायच्या. एक, पोहोचल्यापासून ४८ किंवा ७२ तासांत तपासणी झाली पाहिजे. नाही झाली तर ती पार पडली असं धरलं जाईल. दोन, तपासणीआधी खेळाडूला सरावाला उतरवलं तर त्याचाही अर्थ तोच. ही वाक्यं नसली की काय होतं: क्लब आठ दिवस सराव करून घेतो, खेळ आवडला नाही तर जुन्या गुडघ्याच्या एमआरआयवर बोट ठेवून परत पाठवतो. कागदावर 'ट्रायआउट' (निवड चाचणी) नसतो, प्रत्यक्षात तोच झालेला असतो.

पगार पूर्ण हमीचा हवा, म्हणजे खराब खेळ किंवा दुखापत या कारणाने करार मोडता येणार नाही असं स्पष्ट वाक्य. दुखापतीत पगार चालू, उपचार आणि शस्त्रक्रिया क्लबच्या खर्चाने, आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा हक्क.

दंडाचं कलम बहुतेक जण वाचतच नाहीत. करारात एक ओळ असते, 'खेळाडू क्लबच्या अंतर्गत नियमांना बांधील राहील', आणि ते नियम स्थानिक भाषेत, सहीच्या वेळी जोडलेले नसतात. नंतर उशिरा आला म्हणून, वजन वाढलं म्हणून, 'वृत्ती'साठी म्हणून पगारातून कापाकापी सुरू होते. नियमावली इंग्रजीत, करारासोबत, पानापानावर सही करून. नाहीतर ती बंधनकारक नाही असं लिहायचं. एका महिन्यातल्या एकूण दंडाला टक्केवारीची मर्यादाही घालून घ्यावी.

हप्ते साधारण दहा असतात. पहिला हप्ता तपासणीनंतर लगेच मागावा, महिनाअखेरीची वाट बघू नये. रक्कम डॉलर किंवा युरोत असावी. स्थानिक चलनात देणार असतील तर कोणत्या दिवसाचा दर, हे लिहिलेलं हवं. लिरा वर्षभरात किती घसरू शकतो हे तुर्कीत गेलेल्यांना विचारा.

---

तिसरा पंच

थकबाकीच्या प्रश्नाकडे येतो, कारण परदेशी करारात सगळ्यात मोलाचा परिच्छेद मला तोच वाटतो.

फिबाने २००७ मध्ये क्लब, खेळाडू आणि एजंट यांच्यातल्या वादांसाठी लवाद सुरू केला. आज त्याचं नाव बास्केटबॉल आर्बिट्रल ट्रायब्युनल, सगळे 'बॅट' म्हणतात. कायदेशीर स्थान जिनिव्हा, कामकाज इंग्रजीत, निवाडा देणारा एकच माणूस, बहुतेक निवाडे कागदपत्रांवर. सुनावणीला जावं लागत नाही. निवाडा कुठल्याही देशाच्या कायद्यावर नाही, तर न्याय्य काय या कसोटीवर होतो. त्यामुळे 'आमच्या देशात असा कायदा आहे' ही क्लबची ढाल सहसा चालत नाही.

मात्र बॅटकडे आपोआप जाता येत नाही. फिबाने दिलेलं ठरावीक लवाद-कलम करारात जसंच्या तसं असलं पाहिजे. ते नसेल तर स्थानिक न्यायालय किंवा त्या देशाच्या फेडरेशनची समिती, आणि तिथे परदेशी माणूस किती वर्षं घालवेल ते सांगता येत नाही. एक सापळा इथे असतो. काही क्लब पगार दोन करारांत फोडतात, एक खेळण्याचा आणि एक 'प्रतिमा हक्कां'चा. लवाद-कलम पहिल्यातच असतं. दुसऱ्यातले पैसे थकले की बॅट म्हणू शकतो, हा करार आमच्या कक्षेत नाही. कलम दोन्हीकडे हवं.

थकबाकीची पायऱ्यांची रचना साधारण अशी लिहितात: हप्ता चुकल्यावर १५ दिवसांनी खेळाडू सराव आणि सामने थांबवू शकतो, ३० दिवसांनी करार संपवू शकतो आणि उरलेल्या हंगामाची पूर्ण रक्कम देय होते. दिवस कमीजास्त असतात. पण प्रत्येक पायरीआधी लेखी नोटीस पाठवायची, ईमेलने का होईना, आणि त्यात रक्कम, देय तारीख, मुदत स्पष्ट हवी. चिडून बॅग भरून विमानात बसणं हा सगळ्यात महाग पर्याय. नोटीस नसेल तर क्लबच म्हणतो, खेळाडूने करार मोडला.

दाव्याचा खर्च आधीच लक्षात ठेवायचा. परत न मिळणारी फी दाव्याच्या रकमेनुसार असते, आणि लवादाच्या खर्चासाठी दोन्ही बाजूंनी आगाऊ रक्कम भरायची असते. बुडवा क्लब आपला वाटा भरत नाही, मग प्रकरण पुढे जाण्यासाठी खेळाडूलाच तो भरावा लागतो. निवाड्यात तो वसूल करून मिळतो. खेळाडूने मध्यंतरी दुसरा क्लब धरला असेल तर तिथली कमाई भरपाईतून वजा होते.

निवाडा पाळला नाही तर फिबा क्लबला नवे खेळाडू नोंदवण्यावर बंदी घालते. खरा दात हाच, कारण बंदी उठल्याशिवाय पुढच्या हंगामाचे परदेशी खेळाडू आणता येत नाहीत. बंदी असलेल्या क्लबची यादी फिबा जाहीर करते आणि बॅटचे बरेच निवाडेही सर्वांना वाचता येतात. उदाहरणातल्या गार्डने सही करण्याआधी या दोन्ही ठिकाणी क्लबचं नाव शोधावं. पाच मिनिटांचं काम आहे. वेळेवर पैसे देणाऱ्या क्लबचे ४५ हजार हे नेहमी थकवणाऱ्या क्लबच्या ६० हजारांपेक्षा जास्त असतात.

एका गोष्टीवर मात्र बॅटकडेही उत्तर नाही: क्लब दिवाळखोर झाला किंवा जुनी कंपनी बंद करून नव्या नावाने उभा राहिला तर निवाडा हातात घेऊन बसावं लागतं. म्हणून दुसऱ्या श्रेणीतून नुकत्याच वर आलेल्या, एकाच प्रायोजकावर उभ्या असलेल्या क्लबकडून जास्त रक्कम पहिल्या महिन्यांत मागावी.

---

झोन २-३

@बेसलाइन, 'नेट' फक्त त्या देशापुरता. अमेरिकन नागरिक जगात कुठेही कमावला तरी अमेरिकेत विवरणपत्र भरावंच लागतं. पुष्कळ जण समजतात की परदेशी कमाईवर सूट आहे म्हणजे विषय संपला. ती सूट २०२५ साठी १,३०,००० डॉलरपर्यंत आहे, फॉर्म २५५५. पण तिची सोपी कसोटी अशी: सलग कुठल्याही १२ महिन्यांत ३३० पूर्ण दिवस अमेरिकेबाहेर.

आता हंगाम मोजा. मध्य ऑगस्ट ते मे अखेर, २८५-२९० दिवस. नाताळला घरी गेला तर त्यातूनही वजा. उन्हाळा घरी घालवणारा खेळाडू या कसोटीत बसतच नाही. दुसरी कसोटी खऱ्याखुऱ्या वास्तव्याची आहे, तिला जानेवारी ते डिसेंबर असं पूर्ण कर-वर्ष लागतं. दहा महिन्यांचा करार आणि क्लबने दिलेलं घर यावर ते सिद्ध करणं अवघड. एकाच देशात तीन-चार वर्षं राहिलेल्याला ते जमू शकतं.

मग उरतो तो परदेशात भरलेल्या कराचा क्रेडिट, फॉर्म १११६. त्यासाठी कर खेळाडूच्या नावाने भरला गेल्याचा दाखला लागतो, आणि नेट करारात तो क्लबकडे असतो. हंगाम संपल्यावर क्लबचा हिशेबनीस फोन उचलत नाही. म्हणून करारातच लिहायचं की कर भरल्याचा अधिकृत दाखला अमुक तारखेपर्यंत द्यावा, आणि शेवटचा हप्ता घेण्याआधी तो मागायचा. आणखी एक गोम: क्लबने त्याच्या वतीने भरलेला कर अमेरिकेच्या दृष्टीने त्याचंच उत्पन्न असतं. ६० हजार नेटवाल्याचं विवरणपत्र ६० हजारांचं नसतं.

परदेशी खात्यांत मिळून वर्षात कधीही १० हजार डॉलरपेक्षा जास्त असतील तर एफबार (परदेशी खात्यांची माहिती देणारा अमेरिकन अर्ज) वेगळा भरावा लागतो, कर शून्य असला तरी. राज्याचा कर आणखी वेगळा. कॅलिफोर्निया केंद्राची परदेशी कमाईची सूट मानत नाही. टेक्सास आणि फ्लोरिडात वैयक्तिक आयकरच नाही.

---

कोपऱ्यातला थ्री

बरंच स्पष्ट झालं. पण जानेवारीचं कोडं राहिलंय. करार पूर्ण हमीचा असेल तर क्लब सरासरी १४ गुण करणाऱ्याला घालवून दुसरा का आणतो? दोघांना पैसे द्यावे लागतील ना?

---

पिव्हट फूट

कारण जागा मोजलेल्या असतात, पैसे नव्हे. परदेशी खेळाडूची कारकीर्द कोट्याच्या गणितावर चालते, आणि हे गणित देशागणिक वेगळं.

जर्मनीच्या बुंडेसलीगात सामन्याच्या १२ जणांत किमान ६ जर्मन हवेत, म्हणजे उरलेल्या ६ जागा परदेशींना मोकळ्या. म्हणून नवख्या अमेरिकनांना जर्मनी बरी पडते: जागा जास्त, आणि पैसे वेळेवर देण्यात तिथल्या क्लबांची ख्याती चांगली. इटलीत युरोपबाहेरच्या खेळाडूंचे नवे व्हिसा क्लबला मर्यादित मिळतात. ते संपले की इटलीत आधीच व्हिसा असलेला खेळाडू जास्त मोलाचा ठरतो, म्हणून तिथे तीच नावं एका क्लबातून दुसऱ्यात फिरताना दिसतात. जपानच्या बी-लीगमध्ये २०२५-२६ पर्यंत तीन परदेशी नोंदवता येत आणि एका वेळी दोनच मैदानावर. कोरियाच्या केबीएलमध्ये अनेक वर्षं दोन परदेशी आणि मैदानावर एक. त्यामुळे कोरियात क्लब जवळजवळ नेहमी उंच खेळाडूच घेणार, १.८५ मीटरच्या गार्डने तिथली स्वप्नं बघू नयेत. २०१८-१९ मध्ये तर केबीएलने परदेशींना २ मीटरची कमाल उंची लावली होती. डेव्हिड सायमन २०२ सेंटीमीटर भरला आणि आदल्या मोसमात सर्वाधिक गुण करूनही त्याला जावं लागलं. पुढच्याच वर्षी नियम गुंडाळला. फिलिपिन्सच्या पीबीएत वर्षातली एक स्पर्धा परदेशीविना असते, बाकी स्पर्धांत संघाला एक परदेशी, काही स्पर्धांत त्यालाही उंचीची मर्यादा. तिथला करार महिन्याभराचा ठरू शकतो, पण तो एकटा परदेशी खेळाडू सामन्यात पस्तीसेक मिनिटं मैदानावर असतो.

आता जानेवारी. संघ खाली घसरायला लागला, खालच्या श्रेणीत जायची वेळ आली, तर हातात बदलण्यासारखं एवढंच असतं: परदेशी जागा. श्रेणी गमावण्याचं नुकसान एका पगारापेक्षा मोठं, म्हणून दोन पगार परवडतात. प्रत्यक्षात पूर्ण रक्कम क्वचितच दिली जाते. क्लब सांगतो, 'दोन महिन्यांचे घे आणि आजच मोकळा हो, नाहीतर वेगळा सराव कर, सामना नाही.' खेळाडूलाही बसून राहणं परवडत नाही, कारण फेब्रुवारी उलटला की बहुतेक लीगमध्ये नव्या नोंदणीची मुदत संपते. तडजोड होते. इथे 'परस्पर संमतीने करार समाप्त' या कागदावर पैसे खात्यात आल्याशिवाय सही करायची नाही. त्या कागदात सहसा 'आता कोणतंही देणं शिल्लक नाही' असं वाक्य असतं. ते सही केलं की वर तिसऱ्या पंचांनी सांगितलेला सगळा लवाद हातचा गेला.

१४ गुणांबद्दल. फिबाचा सामना ४० मिनिटांचा, पाच फाउल, थ्रीची (तीन गुणांची) रेषा ६.७५ मीटरवर आणि एनबीएसारखा बचावातला तीन सेकंदांचा नियम (बचाव करणाऱ्याने रिंगखाली नुसतं थांबून राहू नये) नाही. सेंटर (संघाचा उंच खेळाडू) रिंगखाली मुक्काम ठोकतो, त्यामुळे कॉलेजात सहज आत घुसणाऱ्या गार्डला वाटच सापडत नाही. चेंडू रिंगला लागल्यावर कोणीही तो काढू किंवा आत ढकलू शकतो. टाइमआउट फक्त प्रशिक्षक मागतो. मोठ्या संघांत दहा जण फिरवतात, २४ मिनिटांत १२ गुण म्हणजे चांगला सामना. प्रशिक्षक गार्डकडे बघतो ते पिक-अँड-रोलमध्ये (चेंडूवाला सहकाऱ्याच्या आडोशाने आत घुसतो तो डाव) तो बचावात काय करतो आणि चेंडू किती वेळा घालवतो यासाठी. हरणाऱ्या संघात २० गुण करणाऱ्याला 'रिकामे गुण' म्हणतात, आणि पुढच्या वर्षी फोन येत नाही. शिवाय बाद फेरी दोन सामन्यांच्या एकत्रित गुणांवर असेल, किंवा गटात बरोबरी झाली, तर गुणफरक मोजला जातो. १५ ने हरत असतानाही शेवटचा बचाव करायचा असतो. नवा अमेरिकन तिथे सोडून देतो आणि प्रशिक्षकाच्या मनातून उतरतो.

पासपोर्टचा मुद्दा याच गणितातला. अमेरिकन गार्ड शेन लार्किनने २०२० मध्ये तुर्की नागरिकत्व घेतलं आणि तिथल्या लीगमध्ये तो स्थानिक झाला. क्लबला एक परदेशी जागा मोकळी मिळाली. अमेरिकन जस्टिन ब्राउनली २०२३ मध्ये फिलिपिनो झाला, राष्ट्रीय संघातून आशियाई खेळांचं सुवर्ण जिंकला, तरी पीबीएत तो परदेशीच धरला जातो. तेव्हा नवा पासपोर्ट घेण्याआधी राष्ट्रीय संघाचा नियम आणि लीगचा नियम, दोन्ही वेगवेगळे वाचायचे. राष्ट्रीय संघात वयाच्या १६ व्या वर्षानंतर नागरिकत्व घेतलेला एकच खेळाडू चालतो.

---

बेसलाइन

मूळ प्रश्न राहू नये म्हणून: कोणता प्रस्ताव? एक्झिबिट १० चा बोनस ५०-६० हजारांच्या वर असेल आणि संघाकडे टू-वे जागा रिकामी असेल तर एक वर्ष जी लीग. नसेल तर युरोप, तेही लवकर. पंचविसाव्या वर्षी पहिल्यांदा येणाऱ्याला परत तळापासूनच सुरुवात करावी लागते. काइल हाइन्स २००८ मध्ये कॉलेजमधून थेट इटलीच्या दुसऱ्या श्रेणीत वेरोलीला गेला, तिथून बाम्बर्ग, मग ऑलिम्पियाकोस. १.९८ मीटरचा सेंटर, एनबीएत एकही सामना नाही, आणि युरोलीग चार वेळा जिंकली. पी. जे. टकर २००६ च्या ड्राफ्टमधला ३५ वा पिक, टोरंटोने सोडल्यावर इस्रायल, युक्रेन, ग्रीस, इटली, जर्मनी करून २०१२ मध्ये फिनिक्समध्ये परतला आणि २०२१ मध्ये मिलवॉकीबरोबर विजेता झाला. नायजेल हेज-डेव्हिसने २०२४ मध्ये युरोलीगच्या एका सामन्यात ५० गुण केले, पुढच्या वर्षी फेनरबाचेबरोबर ती जिंकली आणि फिनिक्सला गेला. परतणारे थोडे, आणि तेही पंचवीस गुणांसाठी नाही, एखाद्या ठरावीक कामासाठी बोलावले जातात.

कॉलेजचं एक वर्ष शिल्लक असेल तर मात्र घाई नको. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, आणि बऱ्याच जणांना युरोपातलं पहिलं वर्ष त्यापेक्षा कमी पैशांचं पडतंय.

---

राखीव यादी

बाहेर पडण्याचं कलम कोणी लिहिलं नाही म्हणून. एनबीएचं बोलावणं आलं तर कोणत्या तारखेपर्यंत, किती रक्कम भरून करार सोडता येईल, ते करारात असलंच पाहिजे. एनबीए संघ या सुटकेच्या रकमेतला ठरावीक मर्यादेपर्यंतचाच भाग वेगळा भरू शकतो. त्यावरचं खेळाडूच्या अंगावर. नवख्याने ही रक्कम शून्य किंवा नाममात्र मागावी, पहिल्या वर्षी क्लब सहसा अडून बसत नाहीत.

आणि देश बदलताना 'लेटर ऑफ क्लिअरन्स' लागतं, जुन्या देशाच्या फेडरेशनकडून. ते अडवायला एकच कारण चालतं: खेळाडूचा करार अजून चालू आहे. क्लब घराच्या नुकसानीचं किंवा गाडीच्या दंडाचं कारण सांगून ते रोखत असेल तर नव्या क्लबच्या फेडरेशनने सरळ फिबाकडे जावं. तरीही घर सोडताना प्रत्येक खोलीचे तारखेसह फोटो, किल्ल्या आणि गाडी दिल्याची सही केलेली पोच आणि मीटरचे आकडे घेऊनच निघायचं.